बेस गिटार शिकताना हात नेमका कुठे चुकतो

ठाण्यात किंवा नवी मुंबईत बेस हातात घेणारे बहुतेक जण दोन वाटांनी येतात. काही जण आधी साधी गिटार वाजवत असतात आणि कॉलेजच्या बँडला बेसवाला मिळत नाही म्हणून ती जबाबदारी त्यांच्या अंगावर पडते. काहींना गणेशोत्सवातल्या वाद्यवृंदात किंवा चर्चच्या क्वायरमध्ये कुणीतरी सांगितलेलं असतं की चारच तारा आहेत, महिनाभरात जमेल. वाट कुठलीही असो, हाताला सवयी त्याच लागतात: डावा हात नेक (वाद्याचा लांब दांडा) आवळून धरतो, उजवा तार ओरबाडतो, आणि वाजवलेला स्वर थांबवायचाही असतो हे ध्यानातच येत नाही.

वाद्याची मापं बघितली की कारण कळतं. साध्या इलेक्ट्रिक गिटारवर नटपासून (नेकच्या टोकाची खाचांची पट्टी) ब्रिजपर्यंत (बॉडीवर तारा अडकतात तो भाग) तारेची लांबी साधारण २५.५ इंच असते, बेसवर ती ३४ इंच. बेसच्या चार तारा जाड ते बारीक अशा ई, ए, डी, जी. ई तार ०.१०० ते ०.१०५ इंच जाड असते, तर गिटारची सगळ्यात जाड तार ०.०४६ इंचाच्या आसपास. सुटी, म्हणजे कुठेही न दाबलेली ई तार सेकंदाला जेमतेम ४१ वेळा कंप पावते. इतकी लांब आणि जाड तार एकदा हलली की बराच वेळ हलत राहते आणि शेजारच्या तारांनाही जागं करते. म्हणजे बेसवर स्वर काढायला ताकद फारशी लागत नाही. कसब लागतं ते स्वर वेळेवर बंद करायला. नवशिक्यांचा सगळा सराव मात्र स्वर सुरू करण्याचाच असतो.

आधी बेस तपासा, मग हाताला दोष द्या

तारा फ्रेटबोर्डपासून (नेकवरची फळी, जिच्यावर फ्रेट म्हणजे धातूच्या आडव्या पट्ट्या असतात) फार उंच असतील तर हात आवळायलाच शिकणार. दुकानातून नवीन आणलेला बेसही नीट सेट केलेला असतोच असं नाही. घरच्या घरी तपासायला एटीएम कार्डं पुरतात. एक कार्ड ०.७६ मिलिमीटर जाड असतं. उठावाची अक्षरं नसलेली तीन सपाट कार्डं एकावर एक ठेवून १२व्या फ्रेटवर ई तारेखाली सरकवा. ती तारेला जेमतेम टेकत असतील तर उंची सव्वादोन मिलिमीटरच्या आसपास आहे, म्हणजे ठीक. चार कार्डं आरामात जात असतील तर तार उंच आहे. पाच जात असतील तर त्या बेसवर बोटांचा व्यायाम करण्यात अर्थ नाही, आधी सेटअप करून घ्या. जी तारेखाली दोन ते अडीच कार्डांइतकी जागा पुरते.

नेकचा बाक पाहायचा तर ई तार पहिल्या फ्रेटवर आणि नेक जिथे बॉडीला मिळते तिथल्या फ्रेटवर एकाच वेळी दाबा. सातव्या-आठव्या फ्रेटवर तार आणि फ्रेट यांच्यात साध्या व्हिजिटिंग कार्डाइतकी, म्हणजे ०.३ मिलिमीटरच्या आसपास फट हवी. फट अजिबात नसेल तर पहिल्या काही फ्रेटवर तार खरखरेल आणि दोष तुमच्या बोटाला लागेल. खाडीच्या दोन्ही बाजूंना पावसाळ्यातली दमट हवा लाकडात शिरते, त्यामुळे मे महिन्यात बरोबर असलेली ही फट जुलैत तशीच राहील याची खात्री नसते. जूनमध्ये एकदा आणि ऑक्टोबरमध्ये एकदा तपासा. ट्रस रॉड (नेकचा बाक कमी-जास्त करणारी आतली सळई) स्वतः फिरवणार असाल तर एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा जास्त नाही. मग परत ट्यून करा, काही तास जाऊ द्या आणि पुन्हा मोजा. चारही तारांचा मिळून ७५ ते ८५ किलोचा ताण त्या नेकवर असतो. जोर लावावा लागतोय असं वाटलं तर तिथेच थांबून जाणकाराकडे न्या.

ट्रान्सहार्बर लोकलने ठाण्याहून वाशीला बेस नेणारे पुष्कळ आहेत. गर्दीत बॅग उभी धरा, हेडस्टॉक (खुंट्या असलेलं नेकचं टोक) वर. बॅग आडवी ठेवून तिच्यावर दुसरं सामान ठेवलं तर ट्यूनिंगच्या खुंट्यांवर भार येतो. पोहोचल्यावर ट्यून केल्याशिवाय वाजवायला सुरुवात करू नका. ट्यून करताना तार हलकी वाजवा, कारण जोरात वाजवलेली तार पहिल्या क्षणी किंचित चढी बोलते आणि ट्यूनरचा काटा फसतो. ई तारेचा काटा स्थिर राहत नसेल तर १२व्या फ्रेटच्या बरोबर वर बोट नुसतं टेकवून हार्मोनिक, म्हणजे घंटेसारखा वरचा स्वर, वाजवा. स्वर चढा झाला असेल तर तार आधी सैल करा आणि खालून वर येत जागेवर आणा. वरून उतरत आणून सोडली तर खुंटीत ढील राहते आणि दोन गाण्यांत तार पुन्हा उतरते.

बसणं आणि पट्टा

लहान घरात सराव बहुधा पलंगावर किंवा जमिनीवर मांडी घालून होतो. सतारीसाठी ती बैठक उत्तम, बेससाठी नाही. मांडीवर बॉडी घसरते, नेक खाली जाते, ती सावरायला डावा हात टेकूसारखा वापरला जातो आणि मनगट वाकतं. हात नसलेलं स्टूल घ्या, तळपाय जमिनीला पूर्ण टेकू द्या. आणि बसलेलं असतानाही पट्टा घाला.

पट्ट्याची उंची अशी ठेवा की बसून बेस जिथे असतो, उभं राहिल्यावरही जवळपास तिथेच राहील. गुडघ्यापर्यंत लोंबणारा बेस स्टेजवर दिसायला छान दिसत असेल, पण त्या उंचीवर दोन्ही मनगटं एकदम वाकतात. नेक आडवी ठेवू नका. हेडस्टॉक साधारण खांद्याच्या उंचीला येईल इतका तिला चढ द्या. पुढची चाचणी महत्त्वाची आहे: उभे राहा, बेस गळ्यात असू द्या आणि दोन्ही हात सोडा. नेक खाली कोसळत असेल तर डावा हात दिवसभर तिला उचलण्यातच दमणार. आतून खरखरीत असलेला, तीन इंच रुंदीचा पट्टा घेतला की बहुतेक वेळा हे थांबतं. चार किलोच्या आसपासचं वजन खांद्यावर नीट पसरतं तेही रुंद पट्ट्यानेच.

डावा हात: दाब आणि ताण

अंगठा नेकच्या मागे, साधारण मधल्या बोटासमोर असावा, आणि त्याचा मऊ भाग टेकलेला असावा. गिटारवाल्यांचा अंगठा सवयीने नेकच्या वरून डोकावतो. बेसची नेक लांब, फ्रेट लांब लांब. अंगठा वर गेला की तळहात नेकला चिकटतो आणि करंगळीची पोच निम्म्यावर येते. उलट दुसरे काही जण पुस्तकातलं चित्र बघून अंगठा इतका खाली नेतात की मनगट काटकोनात वाकतं. तेही नको. कोपर शरीरापासून थोडं पुढे काढा, म्हणजे मनगट आपोआप सरळ होतं.

किती दाबायचं हे सांगून कळत नाही, शोधावं लागतं. डी तारेवर सहाव्या फ्रेटच्या अगदी मागे तर्जनी नुसती टेकवा. पाचवा, सातवा, बारावा फ्रेट या प्रयोगाला घेऊ नका, तिथे हार्मोनिक वाजून गोंधळ होतो. उजव्या हाताने एकसारखं वाजवत राहा. आधी मेलेला टक-टक आवाज येईल. दाब अगदी हळू वाढवा. तार खरखरायला लागेल, आणि त्याच्या जरासं पुढे स्वर एकदम स्वच्छ होईल. तिथे थांबा. तेवढाच दाब लागतो. त्याच्या पुढचं सगळं वाया जातं, शिवाय स्वर किंचित चढतो. आता बोट फ्रेटपासून मागे, दोन फ्रेटच्या मधोमध नेऊन तोच प्रयोग करा. स्वच्छ व्हायला कितीतरी जास्त दाब लागेल. बोट फ्रेटच्या लगेच मागे का ठेवायचं, ते बोटालाच कळतं.

दुसरी चाचणी: वाजवता वाजवता अंगठा नेकवरून पूर्ण काढून घ्या. उजवा बाहू बॉडीला हलका धरून ठेवेल. डाव्या हाताच्या नुसत्या वजनाने स्वर येत राहिला पाहिजे. येत नसेल तर आतापर्यंत तुम्ही चिमट्यात पकडून वाजवत होता.

एका फ्रेटला एक बोट हा नियम बरेच शिक्षक पहिल्याच दिवशी सांगतात, आणि नवशिक्याच्या हाताचं सगळ्यात जास्त नुकसान यानेच होतं असं आमचं स्पष्ट मत आहे. ३४ इंची बेसवर पहिल्या ते चौथ्या फ्रेटचं अंतर जवळपास १३ सेंटिमीटर आहे. पाचव्या ते आठव्या फ्रेटचं सव्वादहा. खाली, म्हणजे नटच्या बाजूला, चार बोटं ताणून धरायची तर मोठा पंजाही आखडतो. म्हणून पाचव्या फ्रेटच्या खाली डबल बेसवाल्यांची पद्धत वापरा: तर्जनी, मधलं बोट आणि करंगळी, अशी तीन बोटं तीन फ्रेटवर. अनामिका करंगळीच्या मागे तिला जोर द्यायला. चौथा फ्रेट लागला की पंजा ताणू नका, पूर्ण हात अंगठ्यासकट सरकवा. पाचव्याच्या वर मग एका फ्रेटला एक बोट खुशाल वापरा.

बोटं उडवू नका. काम झालेलं बोट तारेवरून दोन इंच वर उचललं की परत येताना उशीर होणारच. बोट उचलूच नये, फक्त दाब काढावा, याचं अजून एक मोठं कारण पुढे येतं.

उजवा हात

सगळ्यात घातक चूक मनगटाची आहे. बाहू बॉडीच्या कडेवर रेलून बसतो, कडा हाताला रुतते आणि पंजा तिथून खाली काटकोनात लोंबतो. या अवस्थेत वेगाने वाजवलं की बोटांना हलवणारे स्नायुबंध मनगटाच्या वळणावर घासत राहतात. कोपर जरा मागे आणि बाहेर घ्या, बाहूचा टेकू हलका करा, म्हणजे पंजा आणि बाहू जवळपास एका रेषेत येतील. थोडा बाक चालतो. आरशासमोर बसा किंवा फोन बाजूला ठेवून व्हिडिओ काढा, कारण स्वतःचं मनगट वरून बघताना नेहमी सरळच दिसतं.

तार वर खेचू नका. गिटारवर नखाने तार बाहेर ओढायची सवय असते. बेसवर तसं केलं की तार फ्रेटबोर्डवर आपटते आणि खडखडाट होतो. बोटाच्या टोकाने तार शेजारच्या अधिक जाड तारेच्या दिशेने ढकला आणि बोट त्या तारेवर जाऊन टेकू द्या. जी वाजवली की बोट डीवर विसावलं पाहिजे. ई वाजवली की ते अंगठ्याला किंवा पिकअपला (तारांखालची, आवाज पकडणारी पट्टी) लागेल. हे विसावणं नुसतं दिसण्यापुरतं नाही. त्याने शेजारची तार गप्प राहते. नखं मात्र बोटाच्या बाहेर दिसणार नाहीत इतकी कापा, नाहीतर टिचकीचा आवाज येत राहतो.

तर्जनी आणि मधलं बोट आळीपाळीने. नवशिक्यांची तर्जनीच जवळपास सगळं काम करते आणि लय वाढली की अडखळते. ही आळीपाळी पक्की करायला प्रत्येक तारेवर तीन-तीन स्वर घ्या: जीवर तर्जनी-मधलं-तर्जनी, डीवर मधलं-तर्जनी-मधलं, असं ईपर्यंत. तीन विषम आहे, त्यामुळे प्रत्येक तारेची सुरुवात वेगळ्या बोटाने होते आणि लबाडी चालत नाही. मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र किंवा ॲप) मिनिटाला ६० वर, एका ठोक्याला एक स्वर. दोन्ही बोटांचे आवाज डोळे मिटून ओळखू येत असतील तर अजून वेग वाढवायची वेळ आलेली नाही. हे पक्कं झालं की एक सवलत घ्या: बारीक तारेवरून जाड तारेवर उतरताना बोट तिथे आधीच टेकलेलं असतं, तेव्हा त्याच बोटाने पुढचा स्वर वाजवला तरी चालतो.

आणि जोर. ॲम्पचा आवाज कमी ठेवून बोटाने भरपाई करण्याची खोड जवळपास सगळ्यांना असते. उलट करा: ॲम्प वाढवा, बोट निम्म्या जोराने चालवा. तार हलकी वाजली की खालचा स्वर भरीव येतो, कारण तिला फ्रेटवर न आपटता पूर्ण झुलायला जागा मिळते. शिवाय एखादा स्वर ठासून वाजवायचा असेल तेव्हा हाताशी काही शिल्लक राहतं. हात पिकअपवर एकाच जागी खिळवूही नका. नेककडे सरकलं की आवाज गोल आणि सैल होतो, ब्रिजकडे गेलं की कडक आणि स्पष्ट.

स्लॅपची, म्हणजे अंगठ्याने तार ठोकून वाजवण्याची घाई सोडा. अंगठ्याचा तडाखा हा बाहूच्या फिरण्यातून येतो, तारेवर अंगठा हाणून नाही, आणि तारा गप्प ठेवता येत नसतील तर स्लॅपमध्ये नुसता कल्ला होतो.

न वाजवलेल्या तारा

इथेच बहुतेक बेसवादक वर्षानुवर्षं अडकतात. ई तारेवर पाचवा फ्रेट दाबून वाजवा. हा स्वर आणि सुटी ए तार, दोन्ही सारखे, ५५ हर्ट्झ. ए तारेला तुम्ही हातही लावलेला नाही, तरी ती गुणगुणायला लागते. आता वाजवलेली ई तार झटकन थांबवा. मागे जे ऐकू येतं तो तुमचा दोष. ही तपासणी प्रत्येक तारेवर करा: एक स्वर वाजवा, तो अचानक बंद करा आणि खोलीत काय उरलंय ते ऐका. काहीच उरलं नाही पाहिजे.

एकट्याने वाजवताना ही गुणगुण गोडही वाटते. ॲम्प वाढवला, ढोलकी आणि कीबोर्ड सोबत आले की तिचीच गढूळ चादर सगळ्या गाण्यावर पसरते आणि मिक्सरवर बसलेला माणूस बेस कमी करतो.

उपाय दोन्ही हातांत वाटलेला आहे. उजव्या हाताचा अंगठा पिकअपवर कायमचा रोवायचा नाही. ई वाजवताना तो पिकअपवर. एवर गेलात की अंगठा ई तारेवर आणून टेकवा. डीवर गेलात की तो एवर, आणि त्याची कड ईला लागलेली. जीवर गेलात तरी तो एवरच राहू द्या, ईला चिकटून. डी तार, आधी सांगितलं तसं, वाजवून आलेलं बोट थांबवेल. हे आधी डाव्या हाताशिवाय, नुसत्या सुट्या तारांवर करा: ई चार वेळा, ए चार वेळा, डी, जी आणि परत. पहिले काही दिवस अंगठा कुठे न्यायचा याचा विचार करावा लागेल. घाई केली तर जुनी सवय परत येते, म्हणून या एका व्यायामापुरता मेट्रोनोम ५० वर आणा.

अंगठ्याच्या आवाक्याबाहेरच्या, म्हणजे वाजणाऱ्या तारेपेक्षा बारीक तारा डाव्या हाताच्या. गिटारवर बोटांची टोकं कमानीसारखी उभी ठेवायला शिकवतात, म्हणजे कॉर्डमधली शेजारची तार वाजत राहील. बेसवर ती शिकवण बाजूला ठेवा. बोट किंचित आडवं पडू द्या, त्याचा खालचा भाग बारीक तारांना शिवू द्या. एवर तर्जनीने स्वर दाबलाय तर त्याच तर्जनीने डी आणि जी झाकल्या गेल्या पाहिजेत. सुटी तार वाजवायची असेल तर डाव्या हाताची मोकळी बोटं बाकीच्या तारांवर हलकी ठेवा, आणि एक नव्हे, दोन-तीन बोटं. एकच बोट नेमकं पाचव्या, सातव्या किंवा बाराव्या फ्रेटच्या वर टेकलं तर तार गप्प होण्याऐवजी हार्मोनिक शिटी घालते.

आता स्वर संपवण्याबद्दल. दाबलेलं बोट तारेवरून पूर्ण उचललं तर सुटी तार वाजते. फक्त दाब काढा, बोट तारेला चिकटलेलं ठेवा, स्वर जागच्या जागी मरतो. मराठी वाद्यवृंदात हे आणखी महत्त्वाचं ठरतं, कारण गायक पट्टी सांगतात ती हार्मोनियमच्या भाषेत. काळी एक म्हणजे ए तारेवर चौथा फ्रेट. काळी चार म्हणजे ई तारेवर चौथा. काळी दोन म्हणजे ए तारेवर सहावा. काळी एकच्या शुद्ध सप्तकात ई, ए, डी, जी यांपैकी एकही स्वर नाही. म्हणजे त्या पट्टीत बोट उचलताना चुकून निसटलेली प्रत्येक सुटी तार बेसूरच असते. गिटारवर शिकलेले लोक सी आणि जी या पट्ट्यांमध्येच सराव करतात, तिथे ही चूक झाकली जाते, आणि गडकरी रंगायतनच्या किंवा भावे नाट्यगृहाच्या स्टेजवर गायिकेने काळी एक सांगितली की उघडी पडते. घरीच रोज दहा मिनिटं काळी एकमध्ये वाजवा.

लय: केहरवा लावून सराव

मेट्रोनोम हवाच, पण स्वराची लांबी शिकायला तबल्याच्या ॲपवरचा केहरवा जास्त कामाचा आहे. धा गे ना ती, ना के धिं ना. आठ मात्रा, पहिली सम, पाचवी खाली. मात्रांची गती मिनिटाला १०० ते १२० ठेवा. समेवर मूळ स्वर वाजवा आणि तिसऱ्या मात्रेचा 'ना' पडताच बंद करा. पाचवीवर पुन्हा वाजवा आणि सातव्या मात्रेचा 'धिं' पडताच बंद करा. आधी बंद नाही, नंतर नाही, त्या बोलाबरोबरच. खालीच्या भागात बायाँ (तबल्याचा डावा, खर्जाचा भाग) घुमत नाही, तो परत येतो सातव्या मात्रेला. बायाँ आणि बेस दोन्ही खालच्याच स्वरांत बोलतात. तुमचा स्वर धिंवर रेंगाळला तर दोन्ही एकमेकांना पुसून टाकतात. नेमका थांबला तर बायाँ उमलून येतो आणि ऐकणाऱ्याला दोघंही स्वच्छ ऐकू येतात. ढोलकीच्या धुमीचंही, म्हणजे तिच्या खर्जाच्या बाजूचंही असंच आहे.

हे जमलं की समेवरचा स्वर दुसऱ्या मात्रेवर तोडा, मग चौथीवर. ठेका तोच, बेसचा स्वर तोच, फक्त लांबी बदलली, आणि गाण्याची चाल कशी वेगळी वाटते ते ऐका. मेट्रोनोमवर करायचं तर ठोका दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला पडतोय असं धरून पहिली-तिसरी स्वतः सांभाळा. घाई करणारा हात तिथे लगेच पकडला जातो.

स्वतःला ऐकायचं कसं

फोनच्या स्पीकरमधून ४१ किंवा ५५ हर्ट्झचा आवाज बाहेर पडतच नाही. त्यावर रेकॉर्डिंग ऐकून बेस बारीक वाटला म्हणून जोरात वाजवणं ही चुकीच्या पुराव्यावरून दिलेली शिक्षा आहे. वायरचे हेडफोन वापरा. ब्लूटूथ हेडफोनमध्ये आवाज उशिरा पोहोचतो, लयीचा सराव त्यावर होऊ शकत नाही. ॲम्पविना कोरडा सरावही रोज करू नका. न वाजवलेल्या तारांची गुणगुण कोरड्या बेसवर जवळपास ऐकूच येत नाही, आणि कान हलका जोर शिकत नाही.

घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये काय किंवा सिडकोच्या जुन्या इमारतीत काय, सुट्या ई तारेची ध्वनिलहर आठ मीटरहून लांब असते. उशी, गालिचा, पडदा तिला अडवत नाही, ती स्लॅबमधून खालच्या घरात उतरते. छोटा ॲम्प जमिनीवर न ठेवता रबरी पायांच्या स्टुलावर ठेवा, कोपऱ्यापासून दूर. कोपऱ्यात खालचे स्वर फुगतात, आणि काही स्वर खोलीच्या एखाद्या ठिकाणी जवळपास नाहीसे होतात. त्यामुळे आवाज कमी-जास्त वाटला तर आधी दोन पावलं सरकून ऐका, मगच बोटावर संशय घ्या. रात्री हेडफोनच.

किती वेळ, आणि कधी थांबायचं

नवीन हाताला दिवसातून वीस-वीस मिनिटांच्या दोन बैठका एका सलग तासापेक्षा चांगल्या. पहिली पाच मिनिटं दाबाची चाचणी आणि सुट्या तारांवरचा अंगठा, दहा मिनिटं केहरवा, उरलेला वेळ गाणं. गाणं आधी घेतलं तर बाकीचं राहूनच जातं.

बोटांची टोकं पहिले दोन-तीन आठवडे हुळहुळतात, फोड येतात, मग कातडी आपोआप घट्ट होते. फोड फोडू नका, तो भरेपर्यंत हलकं वाजवा. पण मनगटात टोचणं, बाहूत जळजळ, बोटांना मुंग्या किंवा बधिरपणा ही सवयीने जाणारी दुखणी नाहीत. त्याच क्षणी बेस खाली ठेवा. दुसऱ्या दिवशी पट्ट्याची उंची, उजव्या मनगटाचा बाक आणि पहिल्या चार फ्रेटवरचा ताण या तीन गोष्टी या क्रमाने तपासा, आणि काही दिवस पाचव्या फ्रेटच्या वरच वाजवा. मुंग्या वाजवणं बंद करूनही राहत असतील किंवा रात्री हात बधिर होऊन जाग येत असेल तर सराव पूर्ण थांबवून हाडांच्या डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टना हात दाखवा. जाताना वाजवतानाचा व्हिडिओ फोनमध्ये घेऊन जा, म्हणजे हात कुठल्या कोनात राबतोय ते त्यांना बघता येईल.